चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोटरसायकल २२ हजार किलोमीटर चालली आहे, चेन मूळचीच आहे, ओ-रिंगची (सांध्यांत रबरी रिंगा असलेली). पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी चेन ताणावी लागायची, आता आठवड्यात ढिली पडते. चाक हाताने फिरवलं की एका जागी ताठ होते, दुसरीकडे लोंबते. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की झटका बसतो. एक मेकॅनिक म्हणतो रोज ऑईल टाका, दुसरा म्हणतो ओ-रिंगच्या चेनला ऑईल लागतच नाही. चेन बदलायची की अजून चालेल, आणि पुढे निगा कशी राखायची?

वर्णनावरून तुमची चेन संपत आली आहे, असं मी जवळजवळ धरून चालतो. तरी बदलण्याआधी तपासून घ्या. यातली काही लक्षणं दुसऱ्या कारणांनीही दिसतात आणि चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) असा अख्खा सेट बदलूनही झटका कायम राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आधी चेन 'वाढते' म्हणजे काय होतं ते बघू. पोलादी पट्ट्या ओढल्या जाऊन लांब होतात, असा समज सर्रास आहे. पट्ट्या होत्या तेवढ्याच असतात, झिजतात ते सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, ती बुशच्या (छोट्या पोकळ नळीच्या) आत वळते आणि त्या बुशच्या बाहेरून रोलर फिरतो. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये ही रचना काढली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पिन आणि बुश एकमेकांवर घासून एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर जागा पडली असं समजा. डोळ्याला ती दिसणार नाही. पण चेन ११० कड्यांची असेल तर असे ११० सांधे होतात, म्हणजे चेन ११ मिलिमीटर लांबली. चाक साधारण साडेपाच मिलिमीटर मागे सरकवल्याशिवाय ती ढील निघणार नाही.

हे घासणं किती चालतं याचा एक हिशेब करून बघा. मागच्या चाकाचा घेर अंदाजे २ मीटर, मागचं स्प्रॉकेट ४२ दात्यांचं आणि चेन ११० कड्यांची धरली, तर दर किलोमीटरला चेनच्या सुमारे १९० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, आणि मागच्यावरही तसंच. पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं असेल तर तिथे सांधा जवळजवळ २६ अंशांत वळतो, मागच्या ४२ दात्यांवर जेमतेम साडेआठ अंशांत. त्यामुळे झीज मुख्यतः पुढे होते. पिकअप वाढवायला पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी लहान करतात, त्यांची चेन लवकर का जाते तेही यातून कळेल.

आता तुमच्या दोन मेकॅनिकांचं भांडण. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. ओ-रिंगच्या चेनमध्ये कारखान्यातच पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस भरलेलं असतं. आतली आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये बसवलेली बारीक काळी रबरी रिंग ते आत धरून ठेवते आणि पाणी-धूळ बाहेर. बाहेरून कितीही ऑईल ओतलं तरी चांगल्या रिंगच्या पलीकडे ते जात नाही, आणि जायचं कारणही नाही. पण रिंग फक्त पिनची जागा बंद करते. बुश आणि रोलर यांच्यामधली फट उघडीच असते. तिला बाहेरचंच ऑईल लागतं, रोलर आणि दाते जिथे भिडतात तिथेही लागतं. शिवाय रबर सुकून तडकू नये आणि पट्ट्या गंजू नयेत म्हणूनही हवं. म्हणजे ऑईल लागतं, रोज लागत नाही. साधी, बिनरिंगची चेन असती तर गोष्ट वेगळी होती. तिच्यात पिनपर्यंत जाणारं ऑईल बाहेरूनच पोचवावं लागतं, त्यामुळे तिला ते बरंच लवकर लवकर द्यावं लागतं. आपली चेन कोणती हे कळायला बाजूने वाकून दोन पट्ट्यांच्या फटीत पाहा. रिंग असेल तर काळी कड दिसते.

एखादी रिंग फाटली किंवा सुकली की त्या सांध्यातलं ग्रीस निघून जातं, पाणी आत शिरतं आणि तो सांधा शेजाऱ्यांच्या कितीतरी पट वेगाने झिजतो. अशा कड्या ओळखता येतात. चेन पुसून कोरडी करा आणि उजेडात एकेक कडी बघत चाक हळूहळू फिरवा. काही ठिकाणी पिनच्या टोकाभोवती, पट्टीच्या कडेने, विटकरी रंगाची बारीक भुकटी बाहेर आलेली दिसेल. पट्टीवरचा गंज सगळीकडे पसरलेला असतो. ही भुकटी मात्र सांध्यातूनच आलेली असते, आतली पिन कोरडी घासते आहे असा तिचा अर्थ. तिथली कडी बोटांनी वळवून पाहिली तर अडकत वळते, किंवा वळवलेली तशीच राहते, सरळ होत नाही. काही कड्या जास्त झिजलेल्या, काही अडकलेल्या, बाकीच्या ठीक, अशी चेन फिरताना एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली होणारच.

पण हाच प्रकार स्प्रॉकेट किंवा हब (चाकाचा मधला भाग) केंद्रापासून थोडं सरकलेलं असल्यानेही होतो. दोन्हींतला फरक ओळखायला एक खडू पुरतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चाक अधांतरी. चाक फिरवत चेन सगळ्यात ताठ होते तिथे थांबा, टायरवर खालच्या बाजूला एक खूण करा आणि त्याच वेळी मागच्या स्प्रॉकेटच्या वरच्या टोकाला असलेल्या कडीवर दुसरी. मग पुन्हा फिरवा. टायरवरची खूण प्रत्येक वेळी खाली आली की चेन ताठ होत असेल, तर दोष मागच्या स्प्रॉकेटचा किंवा हबचा. कडीवरची खूण वर आली की ताठ होत असेल, मग टायरवरची खूण कुठेही असो, तर दोष चेनचा. वरच्या आकड्यांच्या गाडीत चेनची एक फेरी व्हायला चाकाचे २.६ फेरे लागतात, त्यामुळे दोन्ही खुणा लवकरच एकमेकींपासून दूर जातात आणि गोंधळ होत नाही. एकदोन फेऱ्यांवर निर्णय देऊ नका, आठ-दहा तरी बघा.

यानंतर मोजमाप. खालची चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, म्हणजे २० कड्या होतात. चेनच्या पट्टीवर तिचा नंबर कोरलेला असतो. ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे नव्या चेनच्या २० कड्या २५४ मिलिमीटर. ५२०, ५२५ आणि ५३० यांची कडी १५.८७५ मिलिमीटरची, म्हणजे २० कड्या ३१७.५. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. साधारण एक ते दोन टक्के वाढ झाली की चेन बाद धरतात. दोन टक्क्यांनी ४२८ ची चेन २५९ वर पोचते आणि ५२० ची ३२४ च्या जवळ. चार-पाच ठिकाणी मोजा, आणि सगळ्यात जास्त भरलेला आकडाच खरा धरा. सरासरी काढून मनाचं समाधान करून घेऊ नका, कारण तुटते ती सगळ्यात खराब कडी.

माप काढायचा कंटाळा असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून सरळ मागे ओढा. चांगली चेन जेमतेम हलते. अर्धा दाता उघडा दिसला तर चेन किंवा दाते किंवा दोन्ही गेले. दाते एका बाजूला झुकून हुकासारखे झाले असतील तर मोजायचीही गरज नाही. पुढचं स्प्रॉकेट कव्हरच्या आड असतं म्हणून कोणी बघत नाही, आणि झिजतं ते आधी. कव्हरचे दोन-तीन बोल्ट काढून एकदा बघाच.

झटक्याबद्दल. ढिल्या चेनने झटका बसतो हे खरं, पण मागच्या हबमध्ये रबराचे ठोकळे असतात तेही झिजतात. चाक घट्ट धरून मागचं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवून बघा. चाक न हलता स्प्रॉकेट बरंच हलत असेल तर रबर गेलं आहे. नव्या सेटसोबत तेही बदलून घ्या, नाहीतर नव्या चेनला पहिल्या दिवसापासून धक्के बसतील.

आता ताणण्याबद्दल, कारण तुमच्या चेनचं आयुष्य बहुधा तिथेच कमी झालं. आठवड्याला चेन ढिली लागते म्हणून आठवड्याला ताणली गेली, आणि चाक ज्या जागी थांबलं होतं त्याच जागी ढील बघितली गेली असणार. ती जागा लोंबणारी असेल, तर तिथे ढील बरोबर केल्यावर ताठ जागा तारेसारखी ओढली गेली. चाकाच्या दर अडीच-पावणेतीन फेऱ्यांना एकदा चेन पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या शाफ्टला मागे खेचते आणि तिथले सांधे आणखी झिजतात. म्हणून ढील नेहमी सगळ्यात ताठ जागी मोजायची.

चेनला ढील हवीच, आणि ती का हवी हे समजलं की जास्त ताणायचा मोह होत नाही. मागचं चाक स्विंगआर्मच्या (चाकाला धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) बिजागरीभोवती वर-खाली होतं, पण पुढचं स्प्रॉकेट त्या बिजागरीच्या थोडं पुढे असतं. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. पुढचं स्प्रॉकेट, बिजागरी आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) एका सरळ रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होतं. त्या क्षणीसुद्धा चेनमध्ये थोडी ढील उरली पाहिजे. स्टँडवर 'मस्त टाइट' वाटणारी चेन दोन माणसं बसून गाडी खड्ड्यात आदळली की पूर्ण ताणली जाते, आणि मग शॉकअपचं काम चेन करू लागते. तो भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागून ऑईल गळू लागलं तर बऱ्याचदा मूळ अति ताणलेल्या चेनमध्ये सापडतं. तिथलं सील स्वस्तात बदलतं, बेअरिंगसाठी मात्र बहुतेक गाड्यांचं इंजिन उघडावं लागतं. थोडी ढिली चेन आवाज करते, स्विंगआर्मवरची रबरी पट्टी खाते, गिअर बदलताना धक्का देते. थोडी जास्त ताणलेली चेन काहीच बोलत नाही आणि महागातला भाग खाते. शंका असेल तर पाच मिलिमीटर ढिली ठेवा. फार ढिली मात्र नको. उतरलेली चेन इंजिनच्या केसिंगवर आपटून ते फोडते किंवा मागचं चाक जाम करते.

किती ढील ठेवायची ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. रस्त्यावरच्या नेहमीच्या गाड्यांना बहुधा २० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. हे माप साईड स्टँडवर घ्यायचं, मेन स्टँडवर की माणूस बसवून, तेही तिथेच वाचा, कारण तिन्हींत आकडा वेगळा येतो. खालच्या चेनच्या मध्यावर पट्टी उभी धरा, बोटाने चेन खाली दाबून एक खूण, वर उचलून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ढील.

ॲक्सलचा नट सैल करा. काही लहान गाड्यांना स्प्रॉकेटच्या बाजूला दुसरा मोठा नटही असतो, तो सैल न करता ॲडजस्टर (चाक मागे-पुढे सरकवणारे स्क्रू) फिरवणारे पुष्कळ आहेत. चाक सरकत नाही आणि ॲडजस्टर वाकतो. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकचा रॉड आणि टॉर्क आर्मही (ब्रेकची प्लेट फिरू न देणारा दांडा) मोकळा करावा लागतो. मग दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारखेच, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही असे फिरवा. स्विंगआर्मवरच्या रेघा दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत, पण त्या रेघांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मागे बसून एक डोळा मिटून चेनच्या ओळीतून पुढे बघा. मागच्या स्प्रॉकेटवरून सुटणारी चेन सरळ जाते की लगेच एका बाजूला वळते ते स्पष्ट दिसतं. दात्यांची एकच बाजू घासून चकचकीत झाली असेल तर चाक बऱ्याच दिवसांपासून तिरकं आहे.

नट आवळताना चाक किंचित मागे सरकतं आणि जुळवलेली ढील कमी होते. यावर सोपा उपाय म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या वरच्या बाजूला, चेन आणि दात्यांच्या मध्ये फडक्याची घडी ठेवून चाक मागे वळवायचं. घडी दात्यांत अडकते, चेन ताणली जाते, ॲक्सल पुढे येऊन दोन्ही ॲडजस्टरना टेकतो. तसाच ठेवून नट आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने. घडी काढून ढील पुन्हा मोजा. नटाला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली पिन) असेल तर नवी घाला. गाडी काढण्याआधी मागचा ब्रेक दाबून बघा, ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा मोकळा खेळ पुन्हा जुळवा, आणि ब्रेक लाईट वेळेवर लागतो का तेही.

साफसफाईचं फार स्तोम माजवायची गरज नाही. चेनवर वाळूमिश्रित काळा थर दिसला तरच धुवा, नाहीतर फडक्याने पुसून ऑईल दिलं तरी पुरतं. धुवायला रॉकेल चांगलं. मऊ ब्रशने लावा, मळ सुटला की लगेच कोरड्या फडक्याने पुसा. चेन रॉकेलमध्ये रात्रभर भिजत ठेवू नका. पेट्रोल नको, त्याने रबर कोरडं पडतं आणि आगीचा धोका वेगळाच. तारेचा ब्रश रिंगा ओरबाडतो. जोरदार पाण्याचा फवारा चेनवर जवळून मारून घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या हाताने रिंगांच्या आत पाणी ढकललेलं असतं.

ऑईलसाठी ९० नंबरचं गिअर ऑईल किंवा चेनसाठीचा स्प्रे, यातलं जे नियमित देणं जमेल ते. गिअर ऑईल उडतं आणि रिमवर डाग पाडतं, पण आत चांगलं झिरपतं. स्प्रे कमी उडतो. धुळीच्या रस्त्यावर मेणासारखा सुकणारा स्प्रे बरा, कारण त्याला धूळ कमी चिकटते. चेनवर घट्ट ग्रीस थापायची सवय सोडा. ते फटीत शिरत नाही आणि वाळू धरून ठेवतं. इंजिनमधून काढलेलं काळं ऑईल लावणंही नको, त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात.

गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना ऑईल द्या. खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, जिथे आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांच्या कडा भिडतात तिथे दोन्ही बाजूंनी, आणि रोलरवर. आतून दिलेलं ऑईल फिरताना आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं. दहा मिनिटांनी जादाचं पुसून टाका. स्प्रे असेल तर रात्री द्या म्हणजे त्यातला पातळ द्रव उडून जायला वेळ मिळतो. टायर आणि डिस्कवर थेंब गेला असेल तर लगेच पुसा. कोरड्या डांबरी रस्त्यावर ५०० ते ७०० किलोमीटरला एकदा, पावसात भिजली की त्याच संध्याकाळी.

एक गोष्ट मी कुणालाही करू देत नाही. गाडी स्टँडवर लावून, गिअरमध्ये टाकून, चाक इंजिनने फिरवत चेन पुसणं किंवा ऑईल देणं. फडक्याचं टोक स्प्रॉकेटमध्ये गेलं की बोट त्याच्या मागून जातं, हात काढायला वेळच मिळत नाही. बोटं तुटतात. इंजिन बंद, चावी काढलेली, चाक हाताने.

आता बदलायचंच ठरलं तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही, सगळा भार मोजक्या रोलरवर येतो आणि नवी चेन थोड्याच दिवसांत जुन्यासारखी होते. मूळ नंबर, मूळ कड्या, मूळ दाते घ्या. पुढच्या स्प्रॉकेटचा नट काढण्यापूर्वी, चेन अजून चढलेली असतानाच, कुणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. चेन काढल्यावर तो नट सोडवायला शाफ्ट कशाने अडवायचा हा प्रश्न पडतो.

जोडकडी क्लिपची असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आलं पाहिजे. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघू शकते. मोठ्या इंजिनच्या गाड्यांना रिव्हेटची कडी असते. ती हातोडीने ठोकून बसवणाऱ्याकडे काम देऊ नका, त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. जोडकडीसोबत मिळणाऱ्या चार रिंगा चारही जागी बसल्या आहेत का आणि त्यांना पुडीतलं ग्रीस लावलं आहे का, हे उभं राहून बघा. कडी जोडल्यावर ती शेजारच्या कड्यांइतकीच सहज वळली पाहिजे.

नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, म्हणून पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरनंतर ढील मोजून घ्या, अर्थात सगळ्यात ताठ जागी. तेव्हा एकदा जुळवली की पुढे बरेच दिवस ॲडजस्टरला हात लावावा लागत नाही. लागलाच, तर पाना उचलण्याआधी ॲक्सलचा नट सैल झाला नाही ना ते बघा.